घरचा साबण, पायाचे मलम आणि उटणे : माप सांभाळा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडकीड यांबद्दल लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. घोटी गटातील बैठकीला आलेल्या महिला सभासदांनी आम्हाला स्पष्टच विचारले, "साहेब, उसाची काळजी सांगता, पण उसात राबणाऱ्या हातापायांची काळजी कोण सांगणार?" प्रश्न रास्त होता. म्हणून हा लेख.

घोटीचा भाग म्हणजे सह्याद्रीच्या कडेचा, पावसाचा मुलूख. इगतपुरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात भाताच्या आवणीला बायका दिवसच्या दिवस चिखलात उभ्या असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, रात्री आग होते. पाऊस सरला की थंडीत टाचांना भेगा पडतात. उसात शिरावे तर पात्याची धार हात कापते आणि देठावरची कूस अंगाला खाजते. एवढे सोसून घरी यावे आणि कपड्याच्याच साबणाने हातपाय घासावेत, ही आपल्याकडची सर्रास रीत. त्यामुळे कातडी आणखी कोरडी पडते.

यावर घरच्या घरी काही करता येते का? येते. पण आधी आमची एक चूक सांगतो, कारण सगळा धडा त्या चुकीतच आहे.

आमची चूक

मागे एका गावी आम्ही साबण करून दाखवला. पाककृती खोबरेलाची होती. खोबरेल महाग पडते म्हणून आम्ही ऐनवेळी अर्ध्याहून अधिक खोबरेलाऐवजी मोहाच्या बियांचे तेल घेतले. सोडा मात्र होता तेवढाच ठेवला. साबण पांढरा, टणक, दिसायला झकास झाला. महिनाभराने वापरला तेव्हा दोघीतिघींच्या हातांची आग झाली, एकीच्या मनगटावर पुरळ उठले. बायका म्हणाल्या, "यापेक्षा दुकानातला बरा." चूक तेलाची नव्हती, सोड्याची नव्हती. आमच्या मापाची होती.

माती परीक्षण न करता शेजाऱ्याने टाकला तेवढा युरिया आपणही टाकला, तर पिकाचे काय होते हे तुम्हाला सांगायला नको. साबणाचे तसेच आहे. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी असते.

साबण म्हणजे काय

तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. सोडा बरोबर मापाचा असेल तर तो पूर्ण खर्ची पडतो, साबणात शिल्लक राहत नाही. जास्त झाला तर उरलेला सोडा कातडी जाळतो. कमी झाला तर तेल उरते, साबण मऊ राहतो. मोठ्या कारखान्यांत ग्लिसरीन बहुधा वेगळे काढून विकतात. घरच्या साबणात ते तसेच राहते आणि कातडी मऊ ठेवते. घरच्या साबणाचा खरा फायदा हाच.

एक किलो तेलाला लागणारा कॉस्टिक सोडा सरासरीने असा :

खोबरेल : 183 ग्रॅम
मोहाचे तेल : 137 ग्रॅम
कडुनिंबाचे तेल : 137 ग्रॅम
शेंगदाणा तेल : 136 ग्रॅम
तिळाचे तेल : 134 ग्रॅम
एरंडेल : 128 ग्रॅम

आता आमची चूक पाहा. खोबरेल आणि मोहाचे तेल यांत किलोमागे 46 ग्रॅमचा फरक आहे. जेवढे मोहाचे तेल आम्ही घातले, त्या हिशेबाने तेवढा सोडा मोकळा राहिला आणि बायांच्या हातावर उतरला.

म्हणून नियम असा : तेल बदलले की हिशेब नव्याने करा, आणि आलेल्या आकड्यातून शंभराला पाच कमी सोडा घ्या. म्हणजे थोडे तेल साबणात राहते आणि सोडा उरण्याचे भय राहत नाही.

एक किलो तेलाचा साबण

खोबरेल 400 ग्रॅम, मोहाचे तेल 450 ग्रॅम, कडुनिंबाचे तेल 100 ग्रॅम, एरंडेल 50 ग्रॅम. वरच्या हिशेबाने सोडा 155 ग्रॅम होतो. त्यातून शंभराला पाच वजा केले की 147 ग्रॅम. पाणी 300 ग्रॅम. सगळे वजन काट्यावर करायचे, वाटीने नाही. एक ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा गटात मिळून एक घेतला तरी पुरतो.

खोबरेलाने फेस येतो व वडी टणक होते. मोहाच्या तेलाने साबण कातडीला सौम्य होतो. आपल्या डोंगरपट्ट्यात मोहाची झाडे आहेत, बिया वेचणारे हात आहेत, त्यामुळे हे तेल परके नाही. एरंडेलाने फेस टिकतो. पाण्यात एक चमचा साखर आधी विरघळवून घेतली तर फेस वाढतो. साखर आपल्या घरची आहे, तिचा हा उपयोग फार थोड्यांना माहीत असतो.

कृती अशी :

1. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. जागा मोकळी, हवेशीर असावी. पोरेसोरे आणि जनावरे लांब ठेवा.

2. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे घ्या. अल्युमिनियमचे मुळीच नको, सोडा ते खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो.

3. थंड पाण्यात सोडा थोडा थोडा टाका. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, ते उसळून अंगावर येते. पाणी आपोआप कढत होते, वाफ निघते. ती नाकात घेऊ नये.

4. सोड्याचे पाणी आणि तेल दोन्ही कोमट झाली की तेलात पाणी बारीक धारेने ओतून ढवळत राहा. मिश्रण पिठल्यासारखे दाट झाले आणि पळी उचलल्यावर वर रेघ उमटून राहिली की थांबा.

5. कागद घातलेल्या लाकडी साच्यात ओतून गोणपाटाने झाका. एक-दोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या पाडा.

6. वड्या वाऱ्यावर, सावलीत, सुट्या मांडून चार ते सहा आठवडे मुरू द्या. मधून मधून उलटा. घाई करू नका. वाळून सुमारे सव्वा किलो माल हाती येतो.

सोडा अंगावर उडालाच तर लिंबू-चिंच चोळत बसू नका. भिजलेले कपडे काढून वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुवा. डोळ्यात गेला तर धुऊन तडक दवाखाना गाठा.

घोटीकरांना एक वेगळी सूचना. पावसाळ्यात हा उद्योग करू नये. साबणातले ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते, वड्यांना घाम फुटतो, त्या नीट वाळत नाहीत. आवणी-कापणी उरकल्यावर, थंडी ते उन्हाळा, हा काळ साबणाचा. म्हणजे आपला गाळप हंगाम तोच साबणाचा हंगाम.

चिखल्या आणि भेगांसाठी मलम

कोकणात टाचांच्या भेगांना कोकमाचे तेल पिढ्यान्‌पिढ्या लावतात. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल काढतात. थंड झाल्यावर ते घट्ट होते, त्याचे गोळे बाजारात मिळतात. तेच घेऊन मलम करा : तिळाचे तेल 50 ग्रॅम, कोकम तेल 30 ग्रॅम, मधमाशांचे मेण 20 ग्रॅम. एका पातेल्यात पाणी तापवून त्यात वाटी ठेवा, वाटीत तिन्ही एकत्र वितळवा, कोरड्या डबीत ओता. झाले मलम.

आवणीला जाण्याआधी बोटांच्या बेचक्यांत व टाचांना चोळले तर चिखलाचे पाणी कातडीत कमी मुरते. रात्री पाय धुऊन, बेचक्या अगदी कोरड्या पुसून पुन्हा लावा. पुसणे जास्त महत्त्वाचे, मलम त्याच्या नंतर. ओल्या कातडीवर मलम चोपडणे म्हणजे तणात खत टाकणे.

मात्र हे औषध नव्हे. बेचक्यांत पू झाला, वास येऊ लागला, खाज थांबेना, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. साखरेचा आजार असलेल्यांनी पायाच्या जखमेवर घरचे प्रयोग करूच नयेत. त्यांच्या पायाला दुखणे कळत नाही आणि गोष्ट हाताबाहेर जाते.

उटणे आणि साखरेची घासणी

दिवाळीचे उटणे आपण विकत आणतो, ते घरी सहज होते. मुलतानी माती, मसुरीच्या डाळीचे पीठ, वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, सावलीत वाळवलेली संत्र्याची साल, सगळे कोरडे, कुटून वस्त्रगाळ करावे. माती आणि पीठ मिळून तीन वाट्या असतील तर बाकीचे सारे मिळून एक वाटी. ओलावा राहिला तर बुरशी धरते.

हातांना बसलेला उसाचा चिकटा आणि काळेपणा काढायला दोन वाट्या भरडलेली साखर आणि एक वाटी तिळाचे तेल कालवून ठेवा. हात, कोपर, टाचा यांवर हलके घासून धुवा. साखर पाण्यात विरघळून जाते, मागे कचरा उरत नाही. चेहऱ्यावर किंवा कापलेल्या जागी लावू नका. न्हाणीत तेलाने पाय घसरतो, तेवढे सांभाळा.

ओल्या वस्तूंचा मोह टाळावा. कोरफडीचा गर, दूध, काकडी घालून मलम करून ठेवले तर दोन-चार दिवसांत त्यात जंतू वाढतात, कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाहीत. ज्यात पाणी नाही तेच टिकते. ताजा गर ताजाच लावा, उरलेला टाका.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार, ही समजूत चुकीची आहे. कडुनिंबाचे तेल लहान मुलांच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकते, बाटली उंचावर ठेवा. लिंबाचा रस तोंडाला लावून उन्हात गेले तर डाग पडतात. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावी, मग वापरावी.

सांडपाण्याचेही तेच. घरच्या साबणातही सोडियम असते. सोडियमने जमीन कशी चोपण होते हे आपल्याला ठाऊक आहे. न्हाणीचे पाणी रोज एकाच झाडाच्या बुडाशी न सोडता जागा बदलत जा, शोषखड्डा असेल तर उत्तम.

विकायचे असेल तर

हा विचार काही नवा नाही. खेड्यातले तेल खेड्यातच साबण व्हावे, यासाठी गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. 30 डिसेंबर 1938 रोजी तिथे मगन संग्रहालय उघडले. पुढे 1957 मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने कडुनिंब, मोह, करंज अशा अखाद्य तेलांच्या साबणाला ग्रामोद्योगात जागा दिली. मोहाच्या बिया जंगलात कुजण्यापेक्षा साबणात याव्यात आणि खायचे तेल खाण्याला राहावे, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

घरापुरते करायला कोणाची परवानगी लागत नाही. विक्रीसाठी मात्र अंगाचा साबण, मलम, उटणे हे सौंदर्यप्रसाधनांत मोडते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम यांप्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. वेष्टनावर घटक, वजन, बॅच क्रमांक, तारीख व करणाऱ्याचा पत्ता द्यावा लागतो. "खरूज बरी करते", "डाग घालवते" असे छापू नका, तो औषधाचा दावा होतो. किंमत ठरवताना तेल-सोड्याबरोबर आपली मजुरी, सहा आठवडे अडकलेले भांडवल आणि बिघडलेली वडी हेही धरा. बायका स्वतःची मजुरी धरत नाहीत, आणि मग धंदा नफ्यात दिसतो पण घरात पैसा दिसत नाही.

आमचे सांगणे थोडक्यात एवढेच : पहिल्या वर्षी घरापुरते करा. प्रत्येक वेळचे तेल, सोडा, पाणी, तारीख वहीत लिहा. उसाच्या प्लॉटची नोंद ठेवता तशीच. वर्षभर घरच्यांच्या हातापायांनी तो साबण मानला, तर मग शेजाऱ्याला द्या, त्यानंतर बाजाराचा विचार करा.

आमच्या त्या बिघडलेल्या साबणाने ज्यांचे हात पोळले, त्याच बायांनी पुढच्या हिवाळ्यात काटा मागवून वरच्या मापाने वड्या पाडल्या. आवणीला त्या आता मलमाची डबी ओच्याला बांधून जातात. चूक आमची होती, दुरुस्ती त्यांची आहे. तुम्ही त्या मापापासून सुरुवात करावी, म्हणजे आमच्या चुकीचे चीज होईल.

कळावे,

ऊस विकास अधिकारी