धावून झाल्यावर ‘सावधान’

शेवटची धाव संपते न संपते तोच ‘सावधान! कोणी हलायचं नाही’ असा हुकूम सोडून आमच्या व्यायामवर्गाचा जो शिक्षक आम्हां घामाघूम मंडळींना भिंतीलगत ताटकळत उभे करी, आणि पाय जरा हलवणाऱ्यास वाढीव बैठका फर्मावी, त्याच्या त्या शिरस्त्यापायी मी फरशीवर कोसळलो, ही कैफियत मी मुद्दाम मांडीत आहे. कारण ‘उपाशी येता, मग असंच होणार’ असा ठपका त्याने सर्वांदेखत माझ्यावरच ठेवला. मी न्याहारी करून गेलो होतो.

आधी कानांत गुणगुण सुरू झाली, समोरची खिडकी पिवळी पडत गेली, तळहातांना गार घाम सुटला आणि पुढचे भान गेले. शुद्धीवर आलो तेव्हा शेजारच्या एका सद्गृहस्थाने माझे पाय खुर्चीवर उचलून ठेवले होते, आणि शिक्षक महाशय ‘उठवून बसवा त्यांना’ म्हणून त्यांच्यावरच खेकसत होते!

वास्तविक विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते व त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंच्या वाट्याला येतो. तेच जोराच्या व्यायामात २० लिटरांच्या घरात जाते, आणि पैकी ८० टक्क्यांच्या आसपास रक्त एकटे स्नायूच घेतात. पायांतले रक्त वर चढवण्यास पोटऱ्यांचे आकुंचन मोठा हातभार लावते, कारण त्या आवळल्या की शिरा दाबल्या जातात, आणि शिरांतल्या झडपा रक्त माघारी उतरू देत नाहीत. माणूस एकाएकी स्तब्ध उभा राहिला की हा उपसा थांबतो, पण रुंदावलेल्या रक्तवाहिन्या तशाच राहतात. रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. लहानपणी तालमीतले आमचे वस्ताद बैठकांनंतर कोणाला टेकू देत नसत, फेऱ्या मारायला लावीत. त्यांना हे कळत होते.

म्हणून धाव संपल्यावर पाच-दहा मिनिटे संथ चालत राहावे, मग कोणी कितीही डोळे वटारोत. अंधारी आली तर भीड न धरता आडवे व्हावे. कढत पाण्याचे स्नान लगेच करू नये, त्याने रक्तवाहिन्या आणखी सैलावतात. पाणी प्यावे, झोप पुरी घ्यावी. दुसऱ्या दिवशीचे अंग दुखणे लॅक्टिक आम्लाचे, असे तो शिक्षक छातीठोकपणे सांगे. ते आम्ल तासाभरात बहुतांशी निघून जाते, दुखतात ते सूक्ष्म इजा झालेले स्नायुतंतू. भर धावेतच कोणी कोसळला, किंवा छातीत दुखू लागले, तर मात्र तडक इस्पितळ गाठावे.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अशा वर्गात नाव घालण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि गोळ्यांची चौकशीही न करता कोणी नुसती फी घेऊ लागला, तर पावती जपून ठेवावी. मी उरलेली फी लेखी अर्जाने मागितली आहे. उत्तर अद्याप नाही.