लहान तक्रार आधी ऐकून घे

सोनू, नेमणुकीचा आदेश आला, आता सोमवारपासून तुझा स्वतःचा वर्ग. शिकवायचं कसं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय ते ज्याला कुठल्याच वेळापत्रकात तास नसतो त्याबद्दल: मुलगा-मुलगी असा भेद, आणि मुलांचा होणारा लैंगिक छळ.

पहिल्या आठवड्यात नुसतं बघत राहा. पाहुणे आले की ओवाळायला मुली, आभार मानायला मुलगा. वर्ग झाडायला मुली, बाकं उचलायला मुलगे. मधल्या सुट्टीत सगळं मैदान मुलग्यांचं, मुली भिंतीच्या कडेला घोळका करून उभ्या. कुणी मुद्दाम करत नाही गं, वर्षानुवर्षं चालत आलंय म्हणून चालतं. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण पुस्तकात एक आणि वर्गात दुसरंच दिसलं, तर मुलं वर्गावर विश्वास ठेवतात. तू एवढं कर: झाडूची पाळी हजेरीपटाच्या क्रमानं लाव, आणि मैदानाचे दोन दिवस मुलींचे म्हणून ठरव. कुरकुर होईल, होऊ दे.

याचा छळाशी काय संबंध, असं विचारशील. मला तर तोच सगळ्यात मोठा संबंध वाटतो. ‘बाई, तो माझी वेणी ओढतो’ म्हणून दुसरीतली मुलगी येते. आपण काय म्हणतो? दुर्लक्ष कर. तू तिकडे जाऊन बस. म्हणजे त्रास देणारा जागेवर आणि जिला त्रास झाला ती उठून दुसरीकडे! ती पोर त्याच दिवशी शिकते की सांगून उपयोग नाही, उलट आपलीच जागा जाते. मग आठवीत तिच्या पाठीवर कुणाचा हात नको तितका रेंगाळला तर ती तुझ्याकडे कशाला येईल? लहान तक्रारी ज्या वर्गात ऐकल्या जातात, तिथेच मोठी तक्रार तोंडातून बाहेर पडते.

आणि ती सरळ शब्दांत येत नाही, हे ध्यानात ठेव. ‘पोट दुखतंय’ म्हणून येते. ‘मला व्हॅननं घरी जायचं नाही’ म्हणून येते. एखाद्या विषयाची वही अचानक कोरी राहते. मुलगेही सांगत नाहीत, त्यांना तर रडायचीसुद्धा चोरी. केंद्र सरकारनं केलेला 13 राज्यांतल्या मुलांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला होता. लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, तूही करू नकोस.

एखादं मूल सांगायला लागलं की हातातलं काम खाली ठेव. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र चुकूनही देऊ नकोस, कारण ते तुला पाळता येणार नाही. ‘ज्यांना सांगायलाच हवं, तेवढ्यांनाच सांगेन’ असं म्हण. ‘अमक्या सरांनी केलं का?’ असे शब्द तिच्या तोंडात घालू नकोस. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहून ठेव. आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला बोलावून ‘आता याच्यासमोर सांग’ असा प्रकार कुणी करायला निघालं, तर मध्ये उभी राहा. खरं-खोटं ठरवणं तुझं काम नाही, मुख्याध्यापकांचंही नाही.

आता तुझ्या मनातली भीती. तीन वर्षं शिक्षणसेवक, नोकरी कायम व्हायची, त्यात संस्थाचालक म्हणणार, ‘शाळेचं नाव खराब होईल, आपापसात मिटवू.’ हे वाक्य तुला ऐकावं लागेलच असं नाही, पण ऐकलंस तर गडबडून जाऊ नकोस. 2012 च्या पोक्सो कायद्याचं 19 वं कलम सांगतं की अशा गुन्ह्याची माहिती ज्याला कळली त्या प्रत्येकानं ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. आणि प्रामाणिक हेतूनं माहिती देणाऱ्यावर कारवाई करता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. मुख्याध्यापकांना लेखी दे, पोच घे, पण त्यांच्या होकाराची वाट बघत बसू नकोस.

अंगाला हात लागला तरच गुन्हा, असंही समजू नकोस. वाईट हेतूनं घाणेरडं बोलणं, हावभाव करणं, सतत पाठलाग करणं, मोबाईलवर पुन्हा पुन्हा गाठणं, हे सगळं त्या कायद्याखाली लैंगिक छळात येतं, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

बदलापूर आठवतं ना? ऑगस्ट 2024. शाळेतच अत्याचार झालेल्या शिशुवर्गातल्या दोन चिमुरड्या, आणि गुन्हा नोंदवून घ्यावा म्हणून तासन्‌तास पोलीस ठाण्यात ताटकळणारे त्यांचे आईवडील. 20 तारखेला लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा कुठे राज्य हललं. मला त्या गर्दीपेक्षा त्या आईबापांचे ते तास जास्त छळतात. मुलींशी संबंधित तक्रारी ऐकायला शाळेत सखी सावित्री समिती असावी, असा शासन निर्णय मार्च 2022 मध्येच निघाला होता. किती शाळांत ती फक्त कागदावर बसली होती! म्हणून तू रुजू झालीस की विचार: समितीवर कोण कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगलेली असेल तर हलवायला सांग. तिथे सगळ्यांदेखत चिठ्ठी कोण टाकणार?

पालकांना एक गोष्ट तू सांगायची, कारण ते घाबरलेले असतात. मुलीला पोलीस ठाण्यात न्यावंच लागतं असं नाही. जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि तेव्हा अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश नसावा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. तिचं नाव छापायला मनाई आहे. तेवढं कळलं तरी पुष्कळ आईबाप पाऊल उचलतात. 1098 हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लाव, आणि परिपाठात मुलांकडून पाठ करून घे.

आणि सगळं झाल्यावर त्या मुलीची तुकडी बदलायची टूम निघेल, तिच्याच भल्याच्या नावाखाली. तिला स्वतःला हवी असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर ती तिच्याच बाकावर, तिच्याच मैत्रिणीशेजारी बसेल, आणि तू तिला इतरांसारखाच गृहपाठ विचारशील. अडलीस तर मला फोन कर, रात्री कितीही उशीर झाला तरी.