आधी विचार, मग ओवा

पोरी, तू या घरात नवी आहेस, म्हणून एकदा सगळं सांगून ठेवते. आपलं पोखर्णी नृसिंहाचं गाव. वैशाख शुद्ध चतुर्दशीला जयंती, आणि एरवीही परभणीकडून, गंगाखेडकडून माणसं दर्शनाला येतच असतात. पाहुणे आले की पुरण होतं, आणि पुरण झालं की रात्री कुणीतरी पोट धरून ओसरीवर बसलेलं असतं. देवानं हिरण्यकशिपूचं पोट एका दमात फाडलं. आपल्याला मात्र पोटाला विचारत विचारतच मोकळं करावं लागतं.

ओव्याच्या डब्याला हात लावायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या. कुठं दुखतंय ते बोटानं दाखवायला लावायचं. काल दुपारपासून काय काय खाल्लं ते विचारायचं. आणि तिसरं म्हणजे वारा सरतोय का, परसाकडं साफ झाली का? हे विचारायला लाजू नकोस. मामंजींना विचारायचा संकोच वाटला तर नवऱ्याला पुढं कर, पण विचारल्याशिवाय औषध देऊ नकोस. वारा सरतोय, ढेकर येतायत, कळ इकडून तिकडं फिरतेय, परसाकडं जाऊन आल्यावर हलकं वाटतंय, असं असलं तर बहुतेक वेळा खोट ताटातच असते. वारा सरणं हा काही रोग नाही. धडधाकट माणसाचाही दिवसातून दहा-वीस वेळा सरतो.

आता हरभऱ्याचं बघ. हरभरा, तूर, मटकी, वाल यांच्यात अशी काही साखर असते की आपल्या पोटाला ती फोडताच येत नाही. ती तशीच खाली मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि त्यातून वायू होतो. पोट डब्ब होतं ते त्यानं. ती साखर पाण्यात उतरते. म्हणून उसळीचे हरभरे रात्री भरपूर पाण्यात भिजत घाल आणि सकाळी ते पाणी खुशाल ओतून दे, नव्या पाण्यात शिजव. पुरणाच्या डाळीचं पाणी मात्र आपण टाकत नाही, त्याची कटाची आमटी करतो. म्हणजे वायूचा बराच ऐवज त्या आमटीतच येतो. त्या फोडणीत हिंग-जिऱ्याला हात आखडू नकोस, आणि ज्याचं पोट आधीच नाजूक आहे त्याला वाटीभर आमटीचा आग्रह करू नकोस. आग्रहानं आपल्याकडं जेवढी पोटं बिघडतात तेवढी डाळीनं बिघडत नसतील.

थंडीत हुरड्याचे दिवस येतात. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ म्हणून ज्वारीचा खास वाण काढलाय, इतकी या भागाला हुरड्याची गोडी. आगटीतून कणीस काढलं, हातावर चोळलं, फुंकर मारली की दाणे तोंडात. कुणी मोजत नाही, कुणी नीट चावतही नाही. वर शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं, पेरू आणि शेवटी उसाचा रस. मग संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं वाजतं. हुरड्यावर पाणी पिऊ नये असं जुनी माणसं सांगतात. मला विचारशील तर पाण्याचा दोष थोडा, हावरटपणाचा जास्त. कोवळा दाणा सावकाश चावून खा, बरोबर ताक घे आणि रात्रीच्या जेवणाला सुट्टी दे. ताक बऱ्याच जणांना सोसतं. दुधाचं तसं नाही. मोठेपणी अनेकांना दुधातली साखर पचत नाही. रोज दूध पिऊन रोज पोट गुडगुडत असेल तर पंधरा दिवस दूध बंद करून बघायचं, दही-ताक चालू ठेवायचं.

आता औषध. अर्धा चमचा ओवा कोरडा भाज, चिमूटभर सैंधव घालून चावायला दे, वर कोमट पाणी. रक्तदाब असलेल्याला मीठ नको, नुसता ओवा दे. हिंगाष्टक घरी केलेलं असलं तर फार चांगलं. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे, सैंधव आणि हिंग, असे आठ जिन्नस. हिंग कच्चा घालायचा नाही. पळीत थोडं तूप तापव, खडा सोड. तो फुलतो, कडेनं लालसर होतो आणि उग्र वास जाऊन खमंग वास सुटतो. तेवढ्यात उतरव, नाहीतर कडू होतो. जेवताना पहिल्या भाताच्या घासात तूप आणि वर चिमूटभर हे चूर्ण. नंतर उताणं झोपवून गुडघे पोटाशी आवळायला लाव, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेव. आणि मग दुखणाऱ्याला खाटेवर नुसतं आडवं पडू देण्यापेक्षा अंगणात चार फेऱ्या मारायला लावलेल्या बऱ्या. परसाकडं साफ होत नसेल तर या सगळ्याचा उपयोग नाही; आधी पाणी, भाकरी, पालेभाजी वाढव. तंबाखू-गुटखा चघळणारा तर दिवसभर लाळेबरोबर हवाच गिळत असतो. त्याला ओवा देऊन काय होणार?

कापूस वेचणीच्या दिवसांत बाया कंबर दुखते म्हणून मेडिकलवरून गोळ्या आणतात आणि उपाशीपोटी घेतात. त्या गोळ्यांनी पोटात जखम होते. जळजळ झाली की आणखी एक पित्ताची गोळी, असं महिनोन्महिने चालतं. हे तू करू नकोस, दुसरीला करू देऊ नकोस.

एकादशीला भगर लागतेच. तयार सुटं पीठ आणू नकोस. त्याला बुरशी लवकर धरते. अख्खी भगर आण, निवड, धू, घरीच दळ, आणि तेवढ्यापुरतीच दळ. फेब्रुवारी 2024 मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला एकादशीच्या प्रसादानंतर दोन हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली. मोठ्या पंगतीचं शिजवलेलं अन्न उन्हाचं तासन् तास ठेवायचं नाही, मग ते देवाचं का असेना.

लेकराबाळांचं वेगळं. तान्ह्याला दूध पाजलं की खांद्यावर घेऊन ढेकर काढ, एवढंच. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय घुटी नको, पाणी नको; मध तर वर्ष होईपर्यंत नको. नाळ गळून बेंबी सुकेपर्यंत तिथं हिंगसुद्धा लावायचा नाही. आणि कुणी म्हातारी बिब्ब्याचा चटका द्या म्हणाली तर तिला दारातूनच परत पाठव. मी म्हणाले तरी ऐकू नकोस. मेळघाटात पोटफुगीवर तापल्या विळ्यानं ‘डंबा’ देतात. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या सिमोरी गावात 22 दिवसांच्या बाळाला असे चटके दिले होते. शाळेतल्या मुलांना 10 फेब्रुवारीला आणि 10 ऑगस्टला जंताची गोळी मिळते, ती चुकवू नकोस.

आता ज्या दुखण्याला माझा डबा उघडायचाच नाही, ते ऐक. बेंबीभोवती सुरू होऊन कळ उजवीकडं खाली उतरली, चालताना, खोकताना दुखतं, ताप आहे, तर ते आंत्रपुच्छाचं, म्हणजे अपेंडिक्सचं, दुखणं असू शकतं. तिथं पोट चोळायचं नाही, ‘बेंबी सरकली’ म्हणून दाबायचं नाही, एरंडेल तर मुळीच नाही. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वाराच सरत नाही, हे आतडं अडल्याचं लक्षण. परसाकडं डांबरासारखी काळी झाली किंवा रक्त पडलं तर आत जखम असू शकते. पाळी चुकलेली बाई पोटाच्या एका बाजूला कळ येऊन घेरी आली म्हणाली, तर सकाळची वाट बघू नकोस. पन्नाशीपुढच्या बाईचं पोट आठवड्यामागून आठवडे फुगलेलंच राहिलं, भूक मेली, वजन उतरलं, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नकोस, तपासून घे. आणि मामंजींना साखर आहे, हे ध्यानात ठेव. त्यांच्या छातीखाली दाटून आलं, दरदरून घाम सुटला, जीव घाबरा झाला आणि ते ‘गॅस झालाय, सोडा दे’ म्हणाले, तरी सोडा देऊ नकोस. हृदयाचं दुखणं पुष्कळदा असंच पोटाचं सोंग घेऊन येतं.

त्या पन्नाशीपुढच्या बाईची तपासणी सोडली तर यातलं बाकी काहीही दिसलं की खायला-प्यायला काही न देता 108 ला फोन लाव. ती गाडी चोवीस तास असते आणि तिला भाडं लागत नाही.