रंगावरून निदान

कफ परेडच्या मच्छीमार नगरात मासळी घ्यायला गेलात, तर कोळीण मावशी माशाचा कल्ला उघडून दाखवील. कल्ला लालभडक असला की मासा ताजा. तोंडाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातील परिचारिकाही रुग्णाच्या तोंडात विजेरी धरून असाच रंग पाहत असते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून कर्करोगावर उपचार होत आहेत.

गाठीबरोबर जबड्याचा भाग काढावा लागला, तर पायातील नडगीशेजारचे बारीक हाड, वरच्या कातडीसह, तेथे बसवतात. नुसते बसवून भागत नाही. त्या तुकड्याची रोहिणी आणि नीला मानेतील रक्तवाहिन्यांना जोडाव्या लागतात. या वाहिन्यांचा व्यास सुमारे २ ते ३ मिलिमीटर! सूक्ष्मदर्शकातून पाहत, केसाहून बारीक धाग्याने टाके घालतात.

येथे आपले भौतिकशास्त्र उपयोगी पडते. प्वाझ्यूच्या नियमानुसार नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह किती? ½ × ½ × ½ × ½, म्हणजे फक्त १/१६. (रक्त पाण्यासारखे साधे नाही व वाहिनी काचेची नळी नाही, म्हणून हा हिशेब ढोबळच समजावा.) छोटी गुठळी किंवा घट्ट पट्टी केवढा घोटाळा करील, पाहा. तंबाखूतील निकोटिनही वाहिन्या आकुंचित करते.

बहुधा आधी तुंबते ती नीला. तिची भिंत पातळ आणि आतील दाब अगदी कमी, म्हणून ती सहज दबते. रक्त येत राहते, पण परत जात नाही.

आता आपल्या अंगठ्याचे नख दाबून सोडा. पांढरे झालेले नख साधारण दोन सेकंदांत गुलाबी होते. बसवलेल्या कातडीवरही हीच परीक्षा करतात. कातडी फिकट, गार आणि रंग परतत नसेल, तर रोहिणी बंद. जांभळट, फुगलेली, रंग झटकन परतणारा आणि सुई टोचताच काळपट रक्त येत असेल, तर नीला बंद.

हा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो. अनुभवी शल्यचिकित्सकांच्या हातून शंभरांपैकी पंचाण्णवच्या आसपास तुकडे जगतात. लाळ जखमेतून मानेत झिरपणे हा दुसरा उपद्रव. ती जोडलेल्या वाहिन्यांपर्यंत पोचली, तर तेथेही गुठळी होऊ शकते. परंतु रंग बदललेला दिसताच थांबून चालत नाही. मध्यरात्र असली तरी शल्यचिकित्सकाला बोलावतात, टाके उघडून गुठळी काढतात. काही तास उशीर झाला, तर वाहिनी मोकळी करूनही तो तुकडा जगत नाही.