पट आणि हजेरी

शाळेचा पट हे आम्ही इतिहासाचे साधन मानतो. २९ मे १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला निवेदन सादर केले. त्यात मुंबई इलाख्याचे १८८१-८२ चे आकडे आहेत. नीच मानलेल्या जातींची मुले प्राथमिक शाळांत २,८६२, मिडल स्कूलमध्ये १७ आणि हायस्कूलमध्ये एकही नाही. केवळ पहिला आकडा वाचणाऱ्यास प्रगतीच दिसली असती! पुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढले. त्या नोंदीचे मोल या शून्याशेजारी ठेवल्यावर कळते.

आज शाळांची पटसंख्या ३० सप्टेंबरच्या स्थितीनुसार कळवली जाते. आपल्या पालघर जिल्ह्यातील कित्येक आदिवासी कुटुंबे मात्र दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मूल पटावर राहते, बाकावर राहत नाही. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आलेल्या परप्रांतीय कामगारांचे बिऱ्हाड हलले की त्यांच्या मुलांचीही शाळा सुटते.

म्हणून उमरोळी परिसरातील पालकांनी कोणत्याही शाळेस, आमच्याही, पहिलीचा पट विचारून थांबू नये. त्याच तुकडीतील किती मुले, विशेषतः किती मुली, दहावीस बसल्या हे विचारावे. माजी विद्यार्थ्यांनी मध्येच गेलेल्या आपल्या सोबत्यांची हकीकत आम्हांस कळवावी. जनरल रजिस्टरात त्यांच्यापुढे ‘सतत गैरहजर’ एवढाच शेरा आहे.