प्रकाशाने सुरू होणारा कालदर्शक दिवा

वरच्या वर्गांस विद्युतमंडल शिकविताना शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करावा. त्यास लागणारी ५५५ ही चिप हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ मध्ये रचली.

नऊ व्होल्टच्या घटाची धन बाजू पाय ४ व ८ यांस, ऋण बाजू पाय १ यास जोडावी. पाय २ पासून धन बाजूस १० किलोओहमचा रोधक व ऋण बाजूस प्रकाशसंवेदी रोधक (एलडीआर) लावावा. पाय ६ व ७ एकत्र करून धन बाजूस १०० किलोओहमचा रोधक, ऋण बाजूस १०० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडावे. धारित्राची ऋण खूण पाहूनच. पाय ३ पासून ४७० ओहमच्या रोधकातून एलईडी ऋण बाजूस न्यावा.

विजेरीचा झोत क्षणभर पडताच पाय २ वरील दाब ३ व्होल्टच्या खाली जातो आणि दिवा सुमारे ११ सेकंद जळतो (१.१ × रोध × धारिता).

झोत तसाच धरल्यास मात्र दिवा विझत नाही. पाय २ वरील दाब कमी असेपर्यंत चिप त्यास विझू देत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरील शाळेत भर दुपारी ओसरीवर मांडणी केल्यास हेच घडेल. ‘बिघडले’ असे मुले म्हणतील. कारण लगेच सांगू नये. एलडीआरवर हात धरून त्यांनाच ते शोधू द्यावे. मगच काळ्या कागदाची नळी बसवावी. खाऱ्या हवेने काळवंडलेली तारांची टोके आधी घासून घेतलेली बरी.