गटाचा एक दिवस निवांत : पुण्याच्या सहलीचं नियोजन



गटाची सहल म्हटली की आपल्याकडे दोनच प्रकार आठवतात. एक अभ्यास दौरा, दुसरी देवदर्शनाची. दोन्ही चांगल्याच. पण फक्त बघायला, बसायला आणि दुसऱ्याच्या हातचं गरम खायला असा एक दिवस काढायचा म्हटलं, की लगेच प्रश्न येतो, "त्यातून फायदा काय?" वर्षभर दुसऱ्यांच्या वेळेवर चालणाऱ्या बाईला एक दिवस स्वतःच्या वेळेवर चालता येणं, हाच फायदा. मात्र असा दिवस आपोआप मिळत नाही, त्याचं नियोजन करावं लागतं. भोर, सासवड, शिरवळ भागातल्या दहा जणींच्या गटाने पुण्याला जायचं ठरवलं असं धरून हा पाठ वाचा. तुमचं शहर वेगळं असेल तर नावं बदला, पद्धत तीच ठेवा.

१. आधी विचारा : कोण येऊ शकणार नाही?

तारीख ठरवण्याआधी हा प्रश्न बैठकीत घ्या. बहुतेक वेळा मागे राहते ती रोजावर जाणारी ताई. तिची त्या दिवशीची मजुरी बुडते आणि वर खर्चही होतो. ती तसं बोलून दाखवत नाही, "मला नाही जमणार" एवढंच म्हणते. म्हणून खरिपाची सुगी आटोपल्यावर, रब्बीची काढणी लागायच्या आधीचा दिवस धरा. तुमच्याकडे बाजारच्या दिवशी मजुरीला सुट्टी असेल तर तोच दिवस सगळ्यात सोयीचा. जिचे गुडघे दुखतात, जिचं मूल अंगावर पितं, तिलाही आताच विचारा. तिला झेपेल तेवढाच कार्यक्रम आखायचा.

२. पैसा : गटाच्या बचतीला हात लावू नका

बचत, अंतर्गत कर्जाची रक्कम आणि फिरता निधी सहलीसाठी वापरायचा नाही. वेगळी वर्गणी काढा. आठवड्याच्या बैठकीत प्रत्येकीने दहा रुपये वेगळे दिले, तर पन्नास बैठकांत एकीचे ५०० आणि दहा जणींचे ५,००० रुपये होतात. ठराव इतिवृत्तात लिहा आणि हिशोबाचं पान वेगळं ठेवा.

एकीचा खर्च असा मांडा (आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावाचे भाडे आणि चालू दर विचारून भरा) :

- एसटी, जाऊन-येऊन : १६० रुपये
- शहरातला प्रवास आणि तिकिटं : १२० रुपये
- खाणं : १७० रुपये
- हाताशी राखीव : ५० रुपये

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ते धरूनच हिशोब करा.

३. ठिकाणं तीनच

शनिवारवाडा, दगडूशेठ, पर्वती, लक्ष्मी रोड असं सगळं एका दिवसात कोंबलं की शेवटी फक्त पळापळ लक्षात राहते. त्यापेक्षा स्वारगेटच्या आसपासच राहा.

*सकाळ : राजा दिनकर केळकर संग्रहालय.* स्वारगेटहून मंडई हे मेट्रोचं पुढचंच स्थानक. तिथून बाजीराव रस्त्याकडे चालत जाता येतं. चालणं जड जाणाऱ्यांनी रिक्षा करावी. दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. कामात पत्नी कमलाबाईंची साथ होती. १९७५ मध्ये त्यांनी हा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. इथे दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दरवाजे आहेत. आपल्या आज्जीच्या हातात असायच्या तसल्याच वस्तू. ज्याला आपण "जुनं सामान" म्हणून मोडीत काढतो, त्यात कारागिराने किती जीव ओतलाय ते इथे कळतं.

सगळं बघायचा हट्ट नको. प्रत्येकीने आवडलेली एक वस्तू निवडावी आणि तिच्यासमोर पाच-दहा मिनिटं थांबावं. कशाची आहे, कुणी वापरली असेल, कुठे झिजलीय ते निरखावं.

*दुपार : मंडई परिसरात जेवण.* मिसळ घ्या. मोडाची मटकी, रस्सा, वर फरसाण. तिखट किती हवं ते आधीच सांगा. मस्तानी म्हणजे घट्ट दूध, त्यावर आईस्क्रीम. दोघींत एक पुरते. घाई करू नका, आज भांडी कुणालाच घासायची नाहीत. नंतर वाटलं तर १८८६ ची महात्मा फुले मंडई आतून बघा. आपली भाजी शहरात कशी मांडतात, कशी विकतात तेही दिसेल. तुळशीबागेत शिरायचं असेल तर अर्धा तासच, नाहीतर दुपार तिथेच संपते!

*संध्याकाळ : सारसबाग.* पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं करवलं होतं. त्यातल्या बेटावर गणपती, म्हणून "तळ्यातला गणपती". पुढे तळं आटवून बाग झाली. हिरवळीवर बसा, पाय पसरा, भेळ खा. इथे काहीही करायचं नाही, हाच कार्यक्रम. स्वारगेट इथून जवळ आहे, त्यामुळे परतीची गाडी गाठताना धावपळ होत नाही.

४. निघण्याआधी

- संग्रहालयाची वेळ, सुट्टी आणि तिकीट फोन करून विचारा. बागेची वेळही विचारा. शहरातल्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात.
- घरी जायची-यायची वेळ आणि दोघींचे फोन नंबर कागदावर लिहून द्या. विचारायला संकोच वाटणाऱ्या ताईच्या घरी अध्यक्ष-सचिवांनी स्वतः जाऊन बोलावं.
- लघवीला जावं लागेल म्हणून दिवसभर पाणी न पिणं, ही सवय त्या दिवशी सोडा. संग्रहालयात आणि हॉटेलात सोय आधी विचारून घ्या.
- जोड्या लावा. प्रत्येकीने आपल्या जोडीदारणीवर लक्ष ठेवायचं.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटातून कोण मागे राहण्याची शक्यता आहे? तिच्यासाठी काय बदलता येईल?
२. तिची वर्गणी सगळ्यांनी मिळून भरायची का? भरली तर तिला ओशाळं वाटणार नाही असं कसं करायचं?
३. सहलीनंतरच्या बैठकीत प्रत्येकीने आपण निवडलेल्या वस्तूबद्दल दोन मिनिटं बोलावं. जी कधीच बोलत नाही, तिच्यापासून सुरुवात करा.